नोकरी बदलावी की टिकवावी?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली, उपासक-उपासिका पांगू लागल्या, आणि आमच्या मौद्यातले एक बांधव विहाराच्या पायरीवर आमच्याजवळ येऊन बसले. वय त्रेचाळीस. एका कारखान्यात बॉयलरवर काम करतात. दुसऱ्या वर्गाच्या बॉयलर अटेंडंटचा दाखला त्यांच्याजवळ आहे आणि त्या कारखान्यात बारा वर्षे झालेली आहेत. सोबत त्यांची पत्नी होती. म्हणाले, "भाऊ, बुटीबोरीले बोलावते. महिन्याले सहा हजार जास्त देतो म्हणते. जाऊ का नको जाऊ, काई समजत नाही."

पत्नी लगेच म्हणाली, "यायले सहा हजार दिसते. सासूबाईच्या औषधाचं कोणी नाही पाहत."

तेवढ्यात नागपूरकडे उतरणारे एक छोटे विमान डोक्यावरून गेले. जवळच उभा असलेला कॉलेजचा मुलगा हसून म्हणाला, "काका, त्या वर बसलेल्याले असा प्रश्न पडत नसंल!"

मुलाचे म्हणणे सर्वांना पटल्यासारखे दिसले. पण आम्हाला ते पटले नाही. तो प्रश्न वर बसलेल्यालाही पडतो, आणि तो त्याचा हिशेब कसा करतो हे पाहिले तर खाली उभ्या असलेल्यालाही काही शिकता येते. म्हणून आजचा हा लेख.

वाचकहो, विमान चालविणारे सारे एकाच प्रकारची नोकरी करीत नाहीत. तिकीट काढून आपण ज्यात बसतो ती विमाने एअरलाइनची असतात. दुसरी असतात मोठ्या उद्योगपतींच्या मालकीची किंवा भाड्याने दिली जाणारी लहान विमाने. ती चालविणाऱ्याला कंपनीचा वैमानिक म्हणतात. त्याचा पगार मोठा असतो, पण त्याचा दिवस त्याच्या हातात नसतो. मालकाला कुठे जायचे आहे हे कळले की निघायचे, मालकाची बैठक संपेपर्यंत परक्या शहरात थांबायचे, आणि रात्री परत आणायचे. मुलाचा वाढदिवस असो की घरचे लग्न असो, फोन वाजला की निघावे लागते. मालकाने विमान विकले किंवा धंदा बसला तर नोकरीही त्याच दिवशी जाते.

असा माणूस पंचेचाळिशीला आला की एअरलाइनमध्ये जावे काय, असा विचार त्याच्या मनात येतो. तेथे महिन्याचे वेळापत्रक आधी हाती पडते, सुट्टी ठरलेली असते. मग तो का थांबतो? थांबतो तो ज्येष्ठतेच्या यादीमुळे. एअरलाइनमध्ये वैमानिकाचा क्रम रुजू झाल्याच्या तारखेवरून लागतो. वीस वर्षे विमान चालविलेला माणूस नव्या जागी गेला की यादीच्या तळाशी बसतो. त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेला मुलगा त्याच्या वर असतो. कॅप्टन म्हणून मान मिळविलेल्या माणसाला काही काळ सहवैमानिकाच्या खुर्चीवरही बसावे लागू शकते. शिवाय प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर त्याची नोंद करून घ्यावी लागते. तो खर्च कोणी करायचा आणि त्यापोटी किती वर्षांचा करारनामा लिहून द्यायचा, हेही पाहावे लागते.

दुसरा हिशेब वयाचा. आपल्या देशात प्रवासी विमान ६५ वर्षे वयापर्यंत चालविता येते. पंचेचाळीसच्या माणसाकडे वीस वर्षे उरतात, तीही वैद्यकीय तपासणीत दरवेळी पास झाला तर. तिसरा हिशेब सोडण्याचा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ साली नियम केला की एअरलाइनच्या कॅप्टनने राजीनाम्याची सूचना एक वर्ष आधी आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी द्यावी. म्हणजे एकदा आत गेलेला माणूस रागाच्या भरात उद्या बाहेर पडू शकत नाही.

आणि चौथा हिशेब सर्वांत मोठा, तो म्हणजे मालक टिकेल काय? किंगफिशर २००५ साली मोठ्या थाटात सुरू झाली आणि २०१२ च्या ऑक्टोबरात तिची विमाने जमिनीवर आली. जेट एअरवेज १९९३ पासून उडत होती, ती १७ एप्रिल २०१९ ला थांबली. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून देणी भागविण्याचा आदेश दिला. गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात बंद पडली. या कंपन्यांत लाखांनी पगार घेणारी माणसे होती, त्यांचेही पगार थकले. गिरणी बंद पडल्यावर कामगाराच्या घरात जे होते तेच त्यांच्या घरात झाले. एम्प्रेस मिल आणि मॉडेल मिल ज्यांच्या घरांनी पाहिली त्या नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको.

आता दोन खरी उदाहरणे देतो.

पहिले कॅप्टन दीपक साठे यांचे. त्यांचे घर नागपूरचे. १९८१ साली ते हवाई दलात अधिकारी झाले, प्रशिक्षणात त्यांना मानाची तलवार मिळाली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका अपघातात डोक्याला गंभीर इजा झाली, अनेक महिने रुग्णालयात काढावे लागले, तरी ते पुन्हा विमानात बसले. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक झाले. २००३ साली, बावीस वर्षांच्या सेवेनंतर, चाळिशी ओलांडलेल्या वयात त्यांनी हवाई दल सोडले आणि प्रवासी विमानांकडे वळले. लढाऊ विमानाचा विंग कमांडर नवे विमान आणि नवे नियम नव्याने शिकला. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पावसात कोझिकोडच्या धावपट्टीवरून पुढे गेले, त्यात ते, त्यांचे सहवैमानिक आणि १९ प्रवासी मरण पावले. २०२१ साली चौकशीचा अहवाल आला. ठरलेली पद्धत वैमानिकाकडून पाळली गेली नाही, हे संभाव्य कारण म्हणून त्यात लिहिले आहे. पण त्याच अहवालात असेही आहे की त्या तळावर कॅप्टनांची संख्या अपुरी होती, आणि विमान दुसरीकडे नेले तर उद्या सकाळच्या फेरीचे काय, याचा दाब निर्णयावर होता.

येथे आम्ही मृताचा दोष काढीत नाही आणि लपवीतही नाही. सांगायचे एवढेच की, जेथे माणसे कमी आणि काम जास्त, तेथे चांगल्यात चांगल्या अनुभवी माणसाचाही निर्णय चुकू शकतो. म्हणून नव्या नोकरीत पगार किती हे विचारताना एका पाळीवर माणसे किती, बदली माणूस मिळतो काय आणि विश्रांती किती, हेही विचारले पाहिजे. वैमानिकांच्या आठवड्याच्या विश्रांतीची वेळ ३६ तासांवरून ४८ तास करण्याचा नियम २०२५ साली लागू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात नव्या नियमांप्रमाणे पुरेसे वैमानिक नाहीत म्हणून देशातल्या सर्वांत मोठ्या एअरलाइनला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. बॉयलरवर सलग दोन पाळ्या करणाऱ्या आमच्या बांधवाला या ४८ तासांचा अर्थ लवकर कळेल.

दुसरे उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. हे मूळ सातारा जिल्ह्यातले. जेट एअरवेजमध्ये वैमानिक असताना त्यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०१९ साली चाचणी उड्डाणाचा परवाना मिळाला. त्यांनी आधी नोकरी सोडून नंतर स्वप्नामागे धाव घेतली नाही. चूल पेटती ठेवून, वर्षानुवर्षे, सुट्टीच्या वेळात पुढचे काम उभे केले. नोकरी देणारी कंपनी २०१९ ला बंद पडली तेव्हा त्यांच्या हातात स्वतःचे असे काहीतरी होते.

बंधू-भगिनींनो, हा विचार काही परका नाही. भगवान बुद्धांकडे कोलियांच्या कक्करपत्त गावी दीघजाणू नावाचा गृहस्थ आला होता. आम्ही बायकामुले असलेली संसारी माणसे, आम्हाला या जन्मी हिताचे आणि सुखाचे होईल असे सांगा, असे त्याने विचारले. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे आपल्या कामात कुशलता आणि उद्योग. आरक्खसंपदा म्हणजे कष्टाने मिळविलेल्याचे रक्षण. कल्याणमित्तता म्हणजे चांगल्या माणसांची संगत आणि सल्ला. समजीविता म्हणजे मिळकत पाहून खर्च. हे सुत्त अंगुत्तर निकायात आहे. विहारात पठण होते, पण आपण ते नोकरीच्या अर्जावर लावून पाहत नाही!

बाबासाहेबांनी ते आयुष्यात लावून दाखविले. १९१७ साली बडोद्याची नोकरी त्यांनी सोडली ती पगार कमी म्हणून नव्हे. राहायला घर मिळेना, कचेरीत शिपाई दुरून फाइली फेकीत, माणूस म्हणून वागणूक मिळेना, म्हणून सोडली. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांवर प्राध्यापक झाले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. दुसरा कोणी असता तर बंगला शोधला असता. बाबासाहेब परळच्या चाळीतच राहिले, माता रमाईंनी ठरवून दिलेल्या पैशांत घर चालविले, आणि उरलेले शिल्लक पडले. १९२० च्या मार्चमध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. शिल्लक होतीच. नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, शाहू महाराजांनीही मदत केली आणि बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले आणि त्याच वर्षी त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली.

येथे चारही गोष्टी दिसतात. अभ्यास हे उट्ठान, शिल्लक हे आरक्ख, भथेना हा कल्याणमित्र आणि रमाईंचा संसार ही समजीविता. यातली एकही नसती तर ते पाऊल पडले नसते. आणि पुढे धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात केली, पण दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतली. एकवीस वर्षे अभ्यास केला. आपण मात्र नोकरीचा निर्णय चहाच्या टपरीवर एका संध्याकाळी करून मोकळे होतो.

आता आमच्या बांधवाचा हिशेब. आम्ही कारकुनी करणारी माणसे, कागद-पेन्सिल हाती घेतल्याशिवाय आम्हाला काही सुचत नाही. विहाराच्या पायरीवरच बसलो.

आजचा पगार मूळ आणि महागाई मिळून १८,००० रुपये. नवा २४,०००. वाढ ६,०००. मौदा ते बुटीबोरी रोजचे जाणे-येणे, पेट्रोल आणि गाडीची झीज धरून आजच्यापेक्षा महिना २,५०० जास्त, असे त्यांनीच सांगितले. राहिले ३,५००. आता पत्नीचा मुद्दा. कामगार विमा योजनेची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० आहे. आज १८,००० वर आईसह सारे कुटुंब विम्यात आहे आणि आईचे मधुमेह-रक्तदाबाचे औषध तेथून मिळते. २४,००० वर नव्या जागी गेले की योजनेबाहेर. औषध-तपासणीचे महिना १,५०० तरी धरावे लागतील. राहिले २,०००. आणि आईला दवाखान्यात ठेवायची पाळी आली तर एकाच वेळी वर्षा-दोन वर्षांची ही वाढ जाईल. ज्या बाईला नवरा "तुले काय समजते" म्हणत होता, तिने सर्वांत मोठी रक्कम शोधून काढली होती!

पुढे ग्रॅच्युइटी. कायम कामगाराची पाच वर्षे सलग सेवा झाली की हक्क लागतो. शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. आज सोडले तर १८,००० वर बारा वर्षांचे १,२४,६१५ रुपये होतात. ते मिळतील, बुडणार नाहीत. पण लक्षात घ्या, शेवटच्या पगारावर साऱ्या वर्षांचा गुणाकार होतो. तेथेच ५८ पर्यंत राहिले तर सत्तावीस वर्षांचा गुणाकार त्या वेळच्या वाढलेल्या पगारावर होईल. नव्या जागी गणती शून्यापासून सुरू. वैमानिक यादीच्या तळाशी बसतो, तसेच हे.

प्रॉव्हिडंट फंडाचे उलट आहे. तो खाते क्रमांकाबरोबर नव्या जागी नेता येतो. दहा वर्षांची पेन्शनपात्र सेवा झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क असतो. म्हणून नोकरी बदलताना फंड काढून मोटारसायकल घेऊ नका, खाते पुढे न्या. आपल्या वस्तीत निम्मे लोक ही चूक करतात आणि म्हातारपणी पस्तावतात.

शेवटी आम्ही विचारले, "नेमणूक कोणाच्या नावावर? कंपनीच्या की ठेकेदाराच्या?" ते गप्प झाले. हे त्यांनी विचारलेलेच नव्हते.

करारनामा वाचणे हे मोठ्या पगाराच्या माणसालाही चुकत नाही. २०२४ साली विस्तारा कंपनीच्या वैमानिकांना नवा करार दिला गेला. त्यात ठरलेला पगार ७० तासांऐवजी ४० तासांच्या उड्डाणावर बांधला होता. वैमानिकांनी तो आकडा वाचला, नाराजी झाली, एप्रिलात उड्डाणे रद्द करावी लागली. ४० आणि ७० यांतला फरक ज्याने वाचला त्यालाच तो कळला. आपल्या पोरांनी ठेकेदाराच्या कोऱ्या कागदावर सह्या करायच्या आणि नंतर संघटनेकडे धावायचे, हे किती दिवस चालणार?

एक गोष्ट समाज म्हणूनही बोलली पाहिजे. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिच्या नोकरभरतीत आपल्या मुलांना राखीव जागा होत्या. २७ जानेवारी २०२२ ला ती टाटांकडे गेली आणि तो मार्ग संपला, कारण खाजगी कंपनीला आरक्षण लागू नाही. मौद्याच्या माणसाला हे विमानतळावर जाऊन पाहण्याची गरज नाही. आपल्या गावात औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या उभ्या आहेत. केंद्राच्या कायम नोकरीत आणि त्याच आवारातल्या ठेक्याच्या कामात काय अंतर आहे, ते प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून सरकारी किंवा सार्वजनिक उद्योगातली कायम नोकरी ज्याच्या हाती आहे त्याने ती सोडताना दहादा विचार करावा. त्या जागेमागे एका पिढीचा लढा आहे.

याचा अर्थ जागा सोडूच नये असा नाही. जेथे अपमान होतो, जिवाला धोका आहे, किंवा पंचशीलाला बाधा येईल असे काम करावे लागते, तेथे बडोद्याचा धडा आहेच. सम्यक आजीविका म्हणजे नुसता पगार नव्हे.

आणि त्या कॉलेजच्या मुलाला आमचे सांगणे, वर बसायचे असेल तर जरूर बैस. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक घडविणारी संस्था आहे, भंडाऱ्यापलीकडे काही परदेश नाही. परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. तेव्हा बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित पक्के कर, शिष्यवृत्तीची चौकशी कर, आणि बापाचे घर गहाण टाकण्याआधी कागद घेऊन आमच्याकडे ये. नागपूरच्या ज्या विमानतळावर ते विमान उतरले त्याला बाबासाहेबांचे नाव आहे. तेथून आपली मुले उडाली पाहिजेत, पण डोळे उघडे ठेवून.

पुढच्या रविवारी बांधव पुन्हा आले. बुटीबोरीला जाऊन त्यांनी विचारले होते. नेमणूक ठेकेदाराच्या नावावर, अकरा महिन्यांची, आणि लेखी काही आधी देणार नाही. त्यांनी जाणे तूर्त थांबविले आहे. पत्नीने एक अट घातली, "थांबले तर नुसतं थांबू नका." म्हणून पहिल्या वर्गाच्या बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेची चौकशी त्यांनी सुरू केली आहे. आमच्या मते हेच योग्य. कारखाना मालकाचा असतो, पाळी मुकादमाची असते, पण दाखला आपल्या नावाचा असतो आणि तो कुठेही सोबत येतो. वैमानिक विमान मालकाचे उडवितो, पण परवाना स्वतःच्या खिशात ठेवतो. तो दाखला मिळाल्यावर बुटीबोरीचा प्रश्न पुन्हा येईल, तेव्हा सौदा वेगळा होईल.

परीक्षा त्रेचाळिसाव्या वर्षी जमेल काय, अशी त्यांना भीती वाटते. अभ्यासाची सवय तुटली आहे, रात्रपाळी असते. विहारात गणित शिकविणारे एक शिक्षक आहेत, त्यांनी बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी बसायचे कबूल केले आहे. ज्यांना अशा परीक्षा द्यायच्या आहेत त्यांनीही यावे. सोबत वही आणावी, आणि शक्य तर पत्नीलाही आणावे, कारण हिशेबात तिचे डोके आपल्यापेक्षा बरे चालते, हे आम्ही पायरीवर बसून पाहिले आहे.

जयभीम!